ताईची बाटली

४ जुलै

माननीय साहेब,

मायना वाचून हसू नका. ज्याच्या दारावर पितळी पाटी आहे त्याला 'बाळ्या' कसं लिहायचं, या विचारात दोन कागद फुकट गेले. आशीर्वाद लिहीत नाही. सहा वर्षं दिले नाहीत, आता उगाच सवय कशाला लावा.

कामाचं बोलते. खाडीतले माशांचे पिंजरे दुप्पट करायला कंपनीने परवानगी मागितली आहे. सहा सप्टेंबरला नगर सभागृहात सुनावणी आहे, आणि तळाचं पाणी ठणठणीत आहे हे सांगायला पाणी तपासणाऱ्या संस्थेतर्फे तुम्ही येणार आहात. नोटीस आमच्या शाळेच्या फाटकावर चिकटवली होती. 'कोणीही नागरिक प्रश्न विचारू शकतो' ही ओळ मी दोनदा वाचली. मी येणार आहे.

का येणार, तेही सांगते. मागच्या आठवड्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, मुलांच्या परीक्षानळ्या धुते. तुला माहीत असेल किंवा नसेल. परीक्षक म्हणून तुमच्या संस्थेतली नवी केमिस्ट आली होती. बाई चांगली आहे, हसतमुख. एका मुलाने पाण्याची बाटली भरून दाखवली, झाकणाखाली हवेचा बुडबुडा राहिला. ती म्हणाली, "अरेरे, ही तर ताईची बाटली झाली!"

मी विचारलं, "ताई कोण?"

"होती म्हणे आमच्याकडे कोणी तरी. बुडबुडे ठेवून सगळं सर्वेक्षण बिघडवलं होतं तिने. आमचे साहेब दर वर्षी नव्या लोकांना तिची गोष्ट सांगतात. नक्कल तर अशी करतात ना, हसून हसून पोट दुखतं."

"कशी करतात?"

तिने जीभ दातांत धरली, मान वाकडी केली आणि हवेतच एक बाटली भरून दाखवली.

बाळ्या, मी खरंच तशी भरते. तू आठ वर्षांचा आणि मी एकोणीसची होते आपली आई गेली तेव्हा. त्यानंतर तुझ्या शर्टाची बटणंही मी जीभ दातांत धरूनच लावली. पुढे तू माझ्याच संस्थेत लागलास तेव्हा बाटली कशी भरायची ते तुला मीच शिकवलं. नळी तळाला टेकवायची, पाणी हळू सोडायचं, दोन बाटल्यांइतकं वाहून जाऊ द्यायचं आणि झाकण तिरकं सरकवायचं. माझी नोकरी गेली ती मी सोसली. माझी नक्कल करून तू लोकांना हसवतोस, हे मी सोसणार नाही.

मी तुझी नोकरी घालवणार आहे. रागाच्या भरात लिहिते आहे असं समजू नकोस. राग आला तेव्हा दोन दिवस थांबले, आणि तो वाढला.

तुझी,
बाटलीवाली


२१ जुलै

साहेब,

उत्तर नाही. ठीक आहे, तुम्हाला कामं असतात.

मी मोजायला सुरुवात केली आहे. तुझ्या दाजींची होडी आहेच. तळाचं पाणी वर आणायला मी प्लास्टिकच्या पाइपाचं यंत्र केलं आहे; वरून दोरीवर वजन सोडलं की दोन्ही तोंडं मिटतात. रसायनं शाळेतली, मुख्याध्यापकांना सांगून घेतलेली. सकाळी सहाला निघतो, तीन ठिकाणी थांबतो. पहिलं ठिकाण खाडीच्या तोंडाशी, दुसरं पिंजऱ्यांच्या शेजारी, तिसरं दाजींच्या शिंपल्यांच्या पट्ट्यावर, जिथे ते वीस वर्षं बुड्या मारत आले.

पहिल्या ठिकाणी रसायनांचे दोन थेंब टाकले की बाटलीत छान तपकिरी साका धरतो. प्राणवायू आहे, सगळं ठीक. पिंजऱ्यांपाशी साका फिका, दुधात चहा कमी पडावा तसा. पट्ट्यावर पांढरा. अगदी पांढरा. दाजींनी बाटली उन्हात धरली आणि विचारलं, "हे चांगलं की वाईट?"

"पांढरं म्हणजे श्वास घ्यायला काही नाही."

"माझ्या पट्ट्यावर?"

मी मान हलवली. ते होडीच्या कडेवरून वाकून पाण्याकडे बघत म्हणाले, "तरी वर पाणी केवढं स्वच्छ दिसतंय."

वर स्वच्छ दिसणारच. पावसाने उघडीप दिली की वारा पडतो, वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्यावर झाकणासारखं बसतं. पिंजऱ्यातलं उरलेलं खाद्य आणि माशांची घाण तळाशी साचून कुजते, आणि कुजताना खालचा सगळा प्राणवायू खाऊन टाकते. हे तुला शिकवायला नको. सहा वर्षांपूर्वी पहिले थोडे पिंजरे चाचणीला लावले होते तेव्हाच माझ्या आकड्यांत हे आलं होतं. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली. तुझ्या अहवालात छापलं गेलं की आकडे कमी आले ते बाटल्यांत हवेचे बुडबुडे राहिल्यामुळे, सबब ते ग्राह्य नाहीत. कंपनीला परवानगी मिळाली, मला घरी पाठवलं.

आता माझा प्रश्न ऐक. आधीच सांगते, म्हणजे तुला दीड महिना झोप लागायला नको. भर सभेत मी एवढंच विचारणार आहे: "बाटलीत बुडबुडा राहिला तर प्राणवायूचा आकडा वर जातो की खाली?"

हवेत प्राणवायू असतो, साहेब. बुडबुडा राहिला तर आकडा वाढतो. कमी कधीच होत नाही. घाईघाईत तू कारण उलटं लिहिलंस आणि सहा वर्षांत एकाही मोठ्या माणसाच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्यांच्यातल्या कोणी जन्मात बाटली भरलेली नाही. त्या केमिस्टबाईच्या मात्र लक्षात आलंय. ती म्हणाली, "मी साहेबांना विचारलं होतं, मग आकडा वर जायला हवा ना? तर ते म्हणाले, चला, चहाची वेळ झाली."

म्हणजे तुलाही ठाऊक आहे.

दाजींना मी सहा वर्षं सांगत आले की माझ्याच हातून चूक झाली. आता सांगितलं की आकडे खरे होते, साहेब लोकांनी दाबले. अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं कोणतं, ते तू जाणतोस.

ताई


९ ऑगस्ट

साहेब,

काल सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला. सगळे बादल्या, टोपल्या, पोरांचे टब घेऊन किनाऱ्याकडे पळत होते. गुडघाभर पाण्यात खेकडेच खेकडे. वाम मासे आणि तळाला चिकटून राहणारे ते चपटे मासे नुसते पडून होते, हाताने उचलावेत असे. शेजारीण ओरडली, "अहो बघता काय, या! फुकट आहे सगळं!" तिचा सासरा चप्पल हातात घेऊन पाण्यात नाचत होता.

मी काठावर उभी राहिले. मासे चालून आले नव्हते. खालून पळून आले होते, कारण खाली श्वास उरला नव्हता, आणि किनाऱ्याच्या पुढे त्यांना पळायला जागा नव्हती. जे पळू शकत नाहीत त्यांचं काय झालं असेल ते बघायला दाजी बुडी मारून आले.

वर आले तेव्हा तोंडातली नळी काढायलाही विसरले. मग बोलले ते तुटक तुटक. चिखलावर पांढरी बुरशीसारखी चादर पसरली आहे. चिखलात राहणारे किडे बिळातून अर्धे बाहेर येऊन लोंबत पडलेत. बारीक हातांचे तारामासे हातांच्या टोकांवर उभे आहेत, अंग जमेल तितकं वर उचलून. आणि शिंपल्या, ज्या कधी चिखलाबाहेर तोंड काढत नाहीत, त्या सगळ्या वर येऊन उघड्या पडल्या आहेत. एकीला बोट लावलं तरी मिटली नाही. होडीच्या कडेला त्यांचा हात कोपरापर्यंत काळा होता आणि सडक्या अंड्यांचा वास येत होता.

"उरलं होतं तेही गेलं," ते म्हणाले. "मीच ओरबाडलं असेन. तेव्हा जरा हात आवरायला हवा होता."

तुझ्या अहवालात छापलं होतं ना, पाणी निरोगी आहे, शिंपल्या कमी झाल्या त्या पाणबुड्यांनी जास्त काढल्यामुळे. हा माणूस सहा वर्षं तेच खरं धरून बसलाय. अर्धा पट्टा त्याने स्वतःहून सोडून दिला होता, शिंपल्या वाढाव्यात म्हणून. आकडे दाबले होते हे कळल्यावरही त्याची ती सवय जात नाही.

मला तेव्हा तुझा गळा धरावासा वाटला. कागदावर लिहिते आहे, पोलिसांना दाखवायचं असेल तर दाखव.

परवा मी शाळेत असताना तू दाजींना फोन केलास म्हणे. "ताई बरी आहे का?" असं विचारलंस. ताई बरी आहे. ताई दिवसाआड सकाळी खाडीत जाते, छत्तीस बाटल्या झाल्या, एकीतही बुडबुडा नाही. पुन्हा फोन करू नकोस. दाजी भोळे आहेत, तुझा आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

ताई


२४ ऑगस्ट

बाळ्या,

आलं तुझं उत्तर. दीड ओळ. "ताई, तो प्रश्न विचारू नकोस. तुझ्याच अंगाशी येईल."

मला धमकी देतोस? मला? तुझ्या शेंबडापासून तुझ्या नेमणुकीच्या अर्जापर्यंत सगळं ज्या हातांनी पुसलं आणि लिहिलं, त्या बाईला?

बरं, घे. मीच लिहिते, म्हणजे तुझ्याकडे काही उरायला नको.

सहा वर्षांपूर्वीचा तो रविवार. दाजी होडीची डागडुजी करत होते, मी स्वयंपाकघरात. तू आलास, पाणी मागितलंस आणि पेला तसाच हातात धरून रडायला लागलास. मोठ्या साहेबांनी तुला सांगितलं होतं की हे आकडे अहवालात राहिले तर तुझी नोकरी कायम होणार नाही. तुझं लग्न ठरलं होतं. तू खिशातून कागद काढलास. 'माझ्या निष्काळजीपणामुळे नमुन्यांत हवेचे बुडबुडे राहिले व त्यामुळे आकडे कमी आले.' खाली माझं नाव टाइप केलेलं, सहीची जागा रिकामी.

मी वाचलं. कारण उलटं आहे हे मला पहिल्याच वाचनात दिसलं. तुला सांगणार होते, "अरे गाढवा, निदान खोटं तरी नीट बोल." सांगितलं नाही. मनात आलं, असू दे, कधी तरी कोणी तरी पकडेल. बघ, किती वाईट आहे मी. हात पुसले आणि सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. तू रडत होतास आणि मला ते बघवत नव्हतं, एवढंच.

मला वाटलं होतं, तू हे आयुष्यभर लक्षात ठेवशील. आभार नकोत, पण माझ्यासमोर मान थोडी खाली राहील. वर्षभर तशी राहिलीही. मग तू नातेवाइकांत सांगायला लागलास, "ताईच्या हातून चूक झाली, काय करणार." मग नव्या लोकांच्या वर्गात सांगायला लागलास. मग नक्कल. शेवटी तुला ते खरंच वाटायला लागलं, नाही का? मी तुझं खोटं अंगावर घेतलं, आणि तू मला त्या खोट्यासकट विकून खाल्लंस.

दाजींना हे माहीत नाही. त्यांच्या पट्ट्याच्या मरणावर त्यांच्या बायकोची सही आहे, हे त्यांना माहीत नाही. तुझी धमकी तीच ना? सांग मग. उभा राहा सभेत आणि सांग, "माझ्या बहिणीने राजीखुशीने सही केली." मी नाकारणार नाही. मी बुडेन, पण तुला खाली ओढून बुडेन. प्रश्न मी विचारणारच.

ताई


७ सप्टेंबर

बाळ्या,

काल रात्री झोपले नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. काय केलंस तू हे?

मी तिसऱ्या रांगेत होते. दाजी शेजारी, इस्त्रीच्या शर्टात. तू बारीक झाला आहेस. कानशिलावरचे केस पांढरे झालेत, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले, प्रश्न विचारला. कंपनीचा वकील हसला, बहुतेक त्याला तो शाळेतला प्रश्न वाटला.

तू पाणी प्यायलास आणि म्हणालास, "वर जातो."

अध्यक्षांना कळलं नाही. "म्हणजे काय?"

"म्हणजे सहा वर्षांपूर्वीचे आकडे बुडबुड्यांमुळे कमी आले नव्हते. ते खरे होते. तळाचं पाणी तेव्हाच मरायला लागलं होतं. बुडबुड्याचं कारण मी रचलं, आणि घाईत उलटं रचलं."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. पदर मुठीत धरला होता. अध्यक्षांनी फाइल चाळली आणि तो कागद वर काढला. "पण इथे संबंधित महिला कर्मचाऱ्याची कबुली आहे. सहीनिशी."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालास, "ती सही मी केली. तिला यातलं काही माहीत नव्हतं."

दाजींनी माझा खांदा इतका जोरात धरला की अजून दुखतोय. मागच्या बाकावरच्या पाणबुड्यांनी टाळ्या वाजवल्या. परवानगी स्थगित झाली, तुला निलंबित केलं, खोट्या सहीची चौकशी होणार. मला हवं होतं ते सगळं अर्ध्या तासात मिळालं. आणि मी तोंड उघडं टाकून उभी होते. मला एक शब्द बोलता आला नाही. बोलता आला नाही की बोलले नाही, ते नंतर बघू.

मी तुझ्याकडे दया मागितली होती का? कोणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? सहा वर्षं जपून ठेवलेला सूड होता माझा. तो तू माझ्या हातातून काढून घेतलास, आणि वर उपकार करून गेलास.

ताई


११ सप्टेंबर

बाळ्या,

चार दिवस झाले. घरात माणसांची रीघ होती. शेजारीण आली, शाळेतले शिक्षक आले, ती केमिस्टबाई तर रडली माझ्यापाशी. "मी तुमच्याच तोंडावर ती नक्कल केली हो," म्हणाली. मी तिला चहा दिला आणि मोठ्या मनाने माफ केलं. मला फार छान वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीने विचारलं, "पण सही तुमच्यासारखी जमली कशी त्याला?" आणि मी ताबडतोब म्हणाले, "हुबेहूब केली होती हो! लहानपणापासून माझ्या वहीत बघून बघून गिरवायचा. कावेबाज पहिल्यापासून." तिने तोंडावर हात ठेवला. मी आणखी रंगवून सांगितलं. तू पाटीवर माझी सही कशी काढायचास, ते हवेत बोट फिरवून दाखवलं. ती हसली. मीही हसले.

ती गेल्यावर कप विसळताना मला कळलं की मी काय केलं. तुला खोट्यावर विश्वास बसायला वर्ष लागलं. मला तीन दिवस लागले. मी तुझी नक्कल केली, बाळ्या. आणि ती चांगली झाली.

संध्याकाळी दाजींना सांगितलं. ते जाळ्यात सुतळी ओवत होते. मी उभ्यानेच सांगितलं, नाही तर धीर झाला नसता. सही माझी आहे, कोणी जबरदस्ती केली नव्हती, पाणी मरतंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांनी सुई खाली ठेवली. "म्हणजे पट्टा का मेला ते तुला माहीत होतं."

"होय."

"मीच जास्त काढल्या म्हणून मेल्या, असं मी या इथे बसून म्हणायचो. रोज म्हणायचो. तेव्हा तू काय करत होतीस?"

मी आठवून बघितलं. त्यांना खोटं सांगायचं नव्हतं.

"भाजी चिरत होते," मी म्हटलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतात आणि अंगणात जाऊन जेवतात. मी काही विचारलं तर 'हो' किंवा 'नाही'. अठ्ठावीस वर्षांत या माणसाने माझ्याशी अबोला धरला नव्हता.

आज सकाळी मी चौकशी कार्यालयात जाऊन लिहून दिलं, सही माझी, माझ्या हाताने, शुद्धीत. तिथल्या कारकुनाने तीनदा विचारलं, "बाई, नक्की ना?" बहुधा शाळेतली नोकरी जाईल. तुझ्यावरचा खोट्या सहीचा आरोप गळून पडेल, बाकीचे राहतील, आणि ते राहायलाच हवेत. हे तुझ्यासाठी केलं असं मनातही आणू नकोस. तुझ्याकडून काही घेऊन मला जगायचं नव्हतं. नकलेबद्दल मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

परत आले तेव्हा दाजी दारात बसले होते. मी लिहून दिल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, "तुझ्या भावाला पत्र टाक, रविवारी जेवायला ये म्हणून. तो निदान विचारलं त्याहून जास्त बोलला."

म्हणून हे पत्र. तुला त्यांनी बोलावलं आहे, मी नाही. रविवारी ये. वाढतील तेच. दोन ताटं घेतील की तीन, ते मला माहीत नाही.

ताई